टांग्यावरचा उखाणा

सोमवार, ३ डिसें. १९७३

गुरुनाथ लोकर भांडारचे बिराजदार सकाळीच ऑफिसात येऊन बसले. नव्या पेठेतलं दुकान. लोकर, भरतकामाचं रेशीम, मणी, टिकल्या, क्रोशाच्या सुया, सगळं मिळतं. त्यांची जाहिरात आमच्या एजन्सीकडे आहे. म्हणजे नाडगौडा सरांनी ती लाऊडस्पीकरवाल्या रशीदभाईंकडे सोपवली, आणि रशीदभाई नेहमीसारखे टांग्यातून ओरडत गेले, "आ गया, आ गया! ऐका हो ऐका!"

बिराजदार म्हणाले, "बायका खिडक्या लावून घ्यायल्यात की वो. त्यास्नी वाटलं कुस्त्या हायत."

मला हसू आवरेना. टाइपरायटरवर भलतीच अक्षरं उमटली. सरांनी बघितलं. "सुमनताई, एवढं हसू येतंय तर तुम्हीच सांगा कसं करायचं."

टोमणाच होता. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात. सिनेमाच्या पाटीवर लोकरीचे रंग रंगवता येतात. कर्ण्यातून जांभळा कसा दाखवायचा?

गुरु., ६ डिसें.

बिल द्यायला साखरपेठेकडे गेले होते. मुद्दाम आडवाटेनं आले. मागांची खटखट चालू. घराघरांत ओट्यावर बायका विड्या वळत बसलेल्या. पलीकडे एक मुलगी उशीच्या अभ्र्यावर राघू भरत होती, रुखवतासाठी असणार. मी तिच्याशी बोलले, तर उत्तरं सगळी नीट दिली पण मान काही वर केली नाही. विडीवाल्यांचंही तेच. तेलुगूत तावातावाने गप्पा चालल्यात, नजर पानावर.

अगं बाई! म्हणजे हाताने काम करणाऱ्यांचे डोळे गुंतलेले असतात, कान नाही. त्यांना पाटी काय कामाची? त्यांच्यासाठी बोलणंच हवं. फक्त रशीदभाईंसारखं नाही. शेजारी येऊन बसल्यासारखं.

हे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय. आईला सांगितलं. ती म्हणाली, "भाकरी थापतेय, दिसत नाही?"

(ऐकत होतीच की पण!)

शनि., ८ डिसें.

सरांना सांगितलं. सर ऐकून घेतात, पण ऐकताना पेन्सिलीने कान कोरतात, त्यामुळे किती पोचलं ते कळत नाही. शेवटी म्हणाले, "बरं. बाईचा आवाज घेऊ. कुणाचा?"

मी टाइपरायटरवरचा कागद सरळ करायला लागले.

"तुमचाच घ्या. चाललं तर पुढच्या जाहिराती तुम्ही लिहायच्या, तुम्हीच बोलायच्या. नाही चाललं तर टाइपरायटर आहेच, आणि मग मला कल्पना सांगायला यायचं नाही."

आईला हे पटलेलं नाही. आमच्याकडे रेडिओवर बाई बातम्या सांगते ती चालते, कारण ती दिल्लीला असते. "तुझा आवाज चौकात? मोहोळहून स्थळाची विचारणा आलीय सुमे. त्यांच्या कानावर गेलं तर?"

मला हे काम हवंय. खूप हवंय. इतकं काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे तिला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

गुरु., १३ डिसें.

रशीदभाईंच्या दुकानात टेपरेकॉर्डर. मोठा, चकत्यांचा. आज नुसते आवाज घेऊन बघितले. बिराजदारांकडून सामानाचा डबा आणलाय नमुना म्हणून.

मणी पितळी ताटात ओतले. टेपवर ऐकलं तर पत्र्यावर गारा. रशीदभाई म्हणाले, "बहन, ये तो दंगा हो गया." मग सुपात ओतले. छान! सळसळ आणि शेवटी एकच चुकार मणी टण्णकन. तो आपणहून पडला, पण तोच सगळ्यात गोड.

रिंगेत कापड ताणून बसवलं आणि सुई आत घातली. बारीकसा टुप्प आवाज येतो. आजवर इतके टाके घातले, कधी ऐकलाच नव्हता. माइक पार कापडाला टेकवला तेव्हा कुठे आला.

लोकर काहीच बोलत नाही. सगळं करून बघितलं, ओढली, गुंडाळली, कानाशी चोळली. रशीदभाई म्हणे, "ऊन गूंगी है." खरंच मुकी. तिच्याबद्दल बोलावंच लागणार.

कात्रीचा आवाज मात्र फर्मास. कचक्. कात्री परत डब्यात ठेवायची राहून गेली, पर्समध्ये आलीय. उद्या नेणे.

रवि., १६ डिसें.

दिवसभर लिहिलं, खोडलं. "स्वस्त आणि मस्त" नको. "भगिनींनो" तर नकोच, भाषणाला बसवल्यासारखं वाटतं.

भांडी घासताना सुचलं. पौषात लग्नं नाहीत, पुढे माघापासून धूमधडाका. म्हणजे आता घरोघर पोरी रुखवताला बसलेल्या असणार. रुखवत म्हटलं की मांडव, मांडव म्हटला की नाव घेणं. मग जाहिरातच उखाण्यात का नाही! उखाणा सुरू झाला की बायका हातातलं काम तसंच ठेवून कान टवकारतात. कुणाचं नाव येतंय ते ऐकल्याशिवाय कुणी हलत नाही. आणि जिथे नाव येतं तिथे आपण दुकानाचं नाव घालायचं!

दाराला तोरण मण्यांचं, उंबऱ्याला चढवला साज,
गुरुनाथरावांचं नाव घेते, रुखवत मांडते आज.

मग सुपातले मणी. मग पत्ता. बस्स.

भांडी तशीच राहिली. आईने बोलून घेतलं. बोलू दे.

बुध., १९ डिसें.

झालं रेकॉर्डिंग. पहिल्यांदा माझा आवाज ऐकला तेव्हा वाटलं दुसरीच कुणी आहे, नाकात बोलणारी. "असा आहे माझा आवाज?" रशीदभाई म्हणाले, "सबकू ऐसाच लगता. फिर आदत होती. जरा पीछू होके बोलो, फटताय."

सर ऐकून म्हणाले, "नाव छान बसलंय." सगळ्यांनाच ते फार आवडलं. बिराजदारांनी दोनदा वाजवायला लावलं. ते लाजले का? मला तसं वाटलं, पण मग मी विसरले.

सोम., २४ डिसें.

आज टांगा निघाला. पेट्रोल महागल्यापासून रशीदभाईंनी रिक्षा सोडली. टांग्यात टेपरेकॉर्डर सोलापुरी चादरीच्या घड्यांवर ठेवलाय, धक्के बसू नयेत म्हणून. तरी खड्डा आला की मी मध्येच "गुरुना-आ-आथ" अशी गटांगळी खाते.

सरांची परवानगी काढून मागून चालत गेले, अनोळखी बाईसारखी. साखरपेठेत एका ओट्यावरची बाई हात थांबवून म्हणाली, "कोण गं ही? गोड बोलते." मी तिथेच उभी. रडू यायला लागलं, काही कारण नाही.

मंगळ., १ जाने. १९७४

बिराजदारांच्या दुकानात उभं राहायला जागा नाही. मुली येऊन "त्या टांग्यातले मणी द्या" म्हणतात! सर खूश. सरांनी नवीन वर्षाचा चहा सांगितला आणि म्हणाले, "संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेतही हीच लावू." पुढची जाहिरात बांगड्यावाल्याची, ती मी लिहायची. तोंडी कबूल केलंय.

आई अजून माझ्या आवाजाबद्दल बोलत नाही. टांगा गल्लीत आला की तिला मागीलदारी काहीतरी काम निघतं.

सोम., ७ जाने.

गोंधळ. मोठा गोंधळ झालाय आणि तो माझ्यामुळे.

बिराजदार आले. तोंड उतरलेलं, खुर्चीत बसेनात. म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक लई हाय. पर घरातनं डबा येणं बंद झालंय."

सरांना काही कळेना. मलाही नाही. मग हळूहळू सांगितलं. दुकान त्यांच्याच नावाचं. गुरुनाथ म्हणजे तेच! वडिलांनी मुलाचं नाव दुकानाला दिलेलं. त्यांच्या मंडळी, महादेवीवहिनी, घरी अंगणात बसलेल्या. समोरून टांगा गेला. शेजारच्या बायकांनी विचारलं, "ही कोण गं, तुझ्या मालकाचं नाव घेणारी?"

"ती घरात बोलंना की वो. कन्नडात बी बोलंना, मराठीत बी न्हाय. जेवाय वाढती आन् भिंतीकडं तोंड करून बसती."

देवा! आम्ही तिघांनी, चौघांनी ऐकलं, माना डोलावल्या. आमच्यासाठी गुरुनाथ म्हणजे पाटीवरची अक्षरं. उखाण्यात दुकान घातलं म्हणून मीच स्वतःची पाठ थोपटत होते. आणि गावभर एका परक्या बाईने त्यांच्या नवऱ्याचं नाव घेतलं, दिवसातून कितीतरी वेळा, कर्ण्यावरून. लग्नात त्यांनी स्वतः ते घेतलं असेल, आणि मग हळदीकुंकवाला कुणी फारच गळ घातली तर.

सरांनी टांगा थांबवला. मला फक्त एवढंच, "सुमनताई, ती पत्रं टाइप व्हायची आहेत."

मंगळ., ८ जाने.

टाइप. टाइप. टाइप.

आई म्हणाली, "मी म्हणत होते." मग रात्रीची भाकरी मला जास्त वाढली. तिला कळलंय मला किती लागलंय ते.

रवि., १३ जाने.

काल-आज डोक्यात एकच. माझा आवाज बंद झाला याचं वाईट वाटतंय, पण त्याहून जास्त त्या बाईंना बघावंसं वाटतंय. माफी मागायची हे आहेच. पण मला हेही बघायचंय की त्या आपल्या नवऱ्याचं नाव कशा घेतात. हे वाईट आहे का? असेल. मला तसं कुतूहल आहे खरं.

मंगळ., १५ जाने.

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन गेले. शुक्रवार पेठेत घर. महादेवीवहिनी ठसठशीत, कपाळाला विभूती, नाकात मोठी चमकी. मी नाव सांगितलं. आवाज ऐकताक्षणी त्यांनी ओळखला.

"तूच व्हय ती?"

हो म्हटलं. माफी मागितली. त्या आत गेल्या. मला वाटलं संपलं. तर पाणी आणलं.

"माझ्या मालकाचं नाव हाय म्हनून कुनी सांगितलं न्हाय तुला?"

"आम्हाला ते दुकानाचं वाटलं."

"दुकानाचं." मग एकदम हसल्या, पण डोळे भरलेले. "मी ह्या घरात आल्यापासनं त्यांना 'अहो' म्हनते. दुकानाची पाटी बी मोठ्यानं वाचत न्हाई मी. आन् तू टांग्यात बसून..."

मला खूप लाज वाटली. खाली बघत राहिले.

निघताना मी म्हटलं, आणि कुठून धीर आला माहीत नाही, "वहिनी, तुम्हीच घ्या ना नाव. टेपवर."

"येडी हायस का!"

पण दार लावलं नाही. उंबऱ्यात उभ्या राहून मी वळेपर्यंत बघत होत्या.

शनि., १९ जाने.

बिराजदार ऑफिसात. डबा सुरू झाला! आणि निरोप: "घरचे म्हंत्यात, आमीच घेतो नाव. दुसरं कुनी नको."

सर माझ्याकडे बघत राहिले. मी पत्र टाइप करत होते, कागद उलटा घातलेला.

सोम., २१ जाने.

फसलं. वहिनी रशीदभाईंच्या दुकानी आल्या, नवं इरकल नेसून. माइकसमोर बसवलं. चकत्या फिरायला लागल्या. वहिनी माइककडे बघतात, माइक वहिनींकडे. शब्द फुटेना. पुन्हा. पुन्हा. उखाणा पाठ आहे, मला कानात म्हणून दाखवला, झकास आहे. पण माइकला म्हणून दाखवेनात.

"असं कसं घेऊ? कुनी म्हनायलंय का मला, घे म्हनून?"

रशीदभाई म्हणाले, "मैं बोलतूं ना भाभी, लेव." त्यावर वहिनी पदर तोंडाला लावून आणखीनच गप्प. बाप्याच्या सांगण्यावरून कोण नाव घेईल?

त्यांचं बरोबर आहे. नाव कुणी आपणहून घेतं का? आधी बायकांनी अडवायला हवं, दार धरायला हवं. मागे लागायला हवं. मी पहिल्या जाहिरातीत कुणी न विचारताच घेऊन मोकळी झाले होते. आता ऐकलं तर मला तीच मोठी चूक वाटते, नावापेक्षाही.

शुक्र., २५ जाने.

लिहायला हात शिवशिवतायत.

वहिनींच्या घरी हळदीकुंकू होतं. रशीदभाईंनी टेपरेकॉर्डर आधीच नेऊन माजघरात ठेवला, माइक फुलांच्या परडीत. सगळ्यांना सांगितलं होतं, चोरून काही नाही. रशीदभाई आणि बिराजदार बाहेर कट्ट्यावर. चालू-बंद करायचं माझ्याकडे.

आधी सगळ्या माइकला बघून शिस्तीत बसल्या. मग तिळगूळ फिरला, बांगड्या वाजायला लागल्या, कुणीतरी कन्नडात काही चावट बोललं आणि विसरल्या. मी बटण दाबलं. आणि मीच म्हटलं, "वहिनी, नाव घ्या की!"

मग काय, सगळ्याच. "घ्या की वो!" "आसं कसं, नाव घेतल्याबिगर कुंकू न्हाय!" "दार लावा गं!" वहिनी नको नको म्हणतायत, हसतायत. हा आवाज, हा घोळका, हे मला लिहून कधी जमलं असतं? आणि मग एकदम शांत.

हिरव्या कापडावर भरला रेशमी राघू,
गुरुनाथरावांचं नाव घेते, आता नका मागं लागू.

नुसता हशा. बाहेर कट्ट्यावर बिराजदारांना ठसका लागला, तोही टेपवर आलाय.

मी बटण बंद करायला हात नेला. वहिनी म्हणाल्या, "आता हिनं घ्यायचं."

"वहिनी, माझं लग्न कुठे झालंय?"

"मग काय झालं? माझ्या मालकाचं घेताना लगीन झालतं व्हय?"

पुन्हा हशा. "घे की गं!" "घे!" सगळ्या माझ्या मागे. टेप फिरतेय. कुणाचं घेऊ? मोहोळच्या त्या माणसाचं मला धड नावही माहीत नाही. आणि तोंडातून निघूनच गेलं,

टांग्यावर चढला कर्णा, गल्ली बघते वाट,
सुमनचं नाव सुमनच घेते, बघा तिचा थाट.

सगळ्याजणी खो खो हसायला लागल्या. मग वहिनींनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि हळदीचं बोट कपाळालाच टेकवलं, कुंकवाच्या वर. मी इतकी खूश आहे की मलाच माझी भीती वाटते.

सोम., २८ जाने.

सरांनी टेप ऐकली. वहिनींच्या उखाण्याला मांडीवर थाप मारली. मग माझा आला. पेन्सिल कानातून बाहेर.

"हे यात कशाला?"

मी म्हटलं, चुकून राहिलं. खोटं बोलले. मग म्हटलं, "नाही सर. चुकून नाही. ठेवा. त्याच्यानंतर बायका केवढ्या हसतात ते ऐका. आणि पुढच्या जाहिरातीला लोकांना आवाज ओळखीचा होईल."

"एजन्सीचं माणूस जाहिरातीत स्वतःचं नाव घेतं, असं कुठे असतं?"

"कुठे नसतं. म्हणून तर."

सरांनी पेन्सिल पुन्हा कानात घातली. "विचार करतो. वहिनींच्या नावानंतर टेप कापायला येते का, रशीदला विचारा. कात्री आहे का कुठे?"

पर्समध्ये तीच होती, नमुन्याच्या डब्यातली. कधी परत केलीच नाही. मी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. न ठेवून कसं चालणार होतं? पण ठेवताना वाटलं, आपलंच नाव कापायला आपल्याच हाताने.

बुध., ३० जाने.

कात्री टेबलावरच आहे, पण पेपरवेटच्या दुसऱ्या बाजूला. म्हणजे वापरली? की सरांनी नखं कापली? केराच्या टोपलीत डोकावले. पेन्सिलीची टरफलं फक्त.

रशीदभाईंना विचारलं. ते म्हणाले, "साबने मना किया है बोलने कू." आणि हसले. चांगलं हसले की वाईट, कळलं नाही. रशीदभाई सगळ्यालाच हसतात.

मोहोळहून अजून काही नाही. आई रोज पोस्टमनची वाट बघते. मी बघत नाही, हे आज नीट लक्षात आलं.

शनि., २ फेब्रु.

आज टांगा निघाला. अर्धी सुटी होती. आमच्या गल्लीत यायची वेळ झाली तशी मी दारात. आईला म्हटलं, तुला मागीलदारी काम असेल. ती म्हणाली, "असेल." पण तांदूळ निवडायला पुढच्याच खोलीत बसली.

घोडा आला, चादरीवरचा टेपरेकॉर्डर आला. सुरुवातीलाच माझा आवाज, "वहिनी, नाव घ्या की!" मग गलका. समोरच्या काकू कुणी हाक मारली म्हणून बाहेर आल्या. शेजारची पोरगी टिकल्यांची पुडी तशीच हातात घेऊन. सगळ्या गल्लीने श्वास रोखला, आणि वहिनींचा राघू. हशा. बिराजदारांचा ठसका.

आता. वहिनींचं "आता हिनं घ्यायचं" आहे की नाही, इथे कळणार. मी दाराची कडी घट्ट धरलेली.

आणि गिरणीचा भोंगा झाला.

तो काही लवकर थांबतो का! सगळी गल्ली भोंग्याने भरून गेली. टांग्यावर कर्णा काहीतरी बोलतोय एवढंच दिसतंय, म्हणजे घोड्याचे कान हलतायत. भोंगा थांबला तेव्हा टांगा वळणावर आणि कर्ण्यातून पत्ता.

मी मागे बघितलं तर आई उभी. सूप मांडीवरून कधी खाली पडलं कोण जाणे, तांदूळ सगळे जमिनीवर.

"मेल्याला आत्ताच व्हायचं होतं!" म्हणाली. भोंग्याला. मग, "तुझं शेवटी काही होतं ना गं? समोरच्या काकूंना वहिनींकडच्या कुणीतरी सांगितलंय."

म्हटलं, होतं. आता आहे का माहीत नाही.

"आता कुठल्या गल्लीत जाईल तो?"

म्हटलं, साळी गल्लीत, मग मारुतीपाशी थांबतो, घोड्याला पाणी.

आता ती आत पातळ बदलतेय. मला म्हणाली तोवर चपला घाल. चपला घालून उंबऱ्यात बसून हे लिहितेय. हाक मारतेय ती, "सुमे, चल लवकर, पुढच्या गल्लीत तरी ऐकू."